दवाखान्याचं नाव सांगून फिरायला जाणारे नवरा-बायको

माझ्याकडे संसाराबद्दल सल्ला घ्यायला येणाऱ्या लग्न झालेल्या पोरी एक प्रश्न हमखास विचारतात, आणि विचारताना आवाज खाली करतात, जणू काही चोरीचंच विचारून राहिल्या. प्रश्न असा की ताई, आम्हाला दोघांनाच कुठं तरी जायचं असते, लांब नाही, इथंच, अर्धा दिवस, पण घरी काय सांगायचं? अन् गेलो तरी भांडूनच परत येतो, मग जायचं तरी कशाला?

यावर उत्तर म्हणून एक केस सांगते. नावं लिहीत नाही, काही तपशील बदललेत, पण अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूर-चांदूर बाजारच्या पट्ट्यातलं कोणतंही घर डोळ्यासमोर आणा, चालते. तो चौतीसचा, पाच एकर, त्यात दोन एकर संत्रा, बाकी कपाशी अन् तूर. ती घरी ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. एक पोरगी पहिलीत. घरात सासू-सासरे, लहान दीर. यांच्या खोलीला दार नाही, पडदा आहे, आणि घरातला टीव्ही त्याच खोलीत. हे मी मुद्दाम लिहून राहिली, कारण "नवरा-बायकोनं रोज थोडा वेळ एकमेकांना द्यावा" असं जे मोबाईलवर फिरत असते न, ते लिहिणाऱ्याच्या खोलीला दार असते.

माझी बसायची जागा एका मेडिकलच्या वर, जिना बाजूनं. दोघं आले, बसले, आणि त्यानं सुरुवातच अशी केली, "मॅडम, हिले फिराले नेलं का ही रडते. जागा बदलून पाह्यल्या, हॉटेल बदलून पाह्यले, पैसे घातले, तरी वापस येताना रडतेच. मंग नेऊ काहून?" ती गप्प. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून राहिली होती.

अशा वेळी कोण चूक कोण बरोबर हे मी विचारतच नाही. मी म्हणते, मागच्या वेळी गेलात तो दिवस सकाळपासून सांगा, चहापासून, काहीच सोडू नका. मग हळूहळू निघालं. हे दोघं घरी "दवाखान्यात जातो" असं सांगून निघायचे. दीड वर्ष झालं. पहिल्यांदा खरंच तिचं डोकं दुखत होतं, परतवाड्याला डॉक्टरला दाखवलं अन् येताना रसवंतीवर अर्धा तास बसले, बरं वाटलं. तेव्हापासून दवाखाना हीच वाट झाली. गाव संपेपर्यंत ती तोंडाला स्कार्फ बांधून, मान खाली. तो मागून येणारी प्रत्येक गाडी आरशात बघणार, कोण ओळखीचं तर नाही. दवाखान्यात लागून लागून किती वेळ लागते, दोन-अडीच घंटे, म्हणून घड्याळाकडे लक्ष. आणि परत येताना सगळा रस्ता गोष्ट जुळवण्यात, डॉक्टर काय म्हणाला, नंबर किती वाजता लागला, गोळ्या किती दिवसाच्या. पुरावा म्हणून मेडिकलमधून एखादी स्ट्रिप घ्यायची. ती रडायची ती या जुळवाजुळवीत. त्याला वाटे हिला जागा आवडली नाही, म्हणून पुढच्या वेळी तो आणखी लांबची जागा काढणार, म्हणजे वेळ आणखी जास्त आणि खोटंही जास्त.

शेवटची खेप चिखलदऱ्याची. ऑगस्टचा रविवार! ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. अमरावती-नागपूर-अकोल्याच्या गाड्या, घाटात जाम, दोन तास एका वळणावर. वर पोचले तर धुकं इतकं की गाविलगड, जो 1803 साली इंग्रजांनी लढून घेतला, तो यांनी फक्त पाटीवर पाहिला. एक भुट्टा अर्धा-अर्धा खाल्ला, रबडी घ्यायची राहिली, कारण दवाखान्यातून रबडी कशी आणणार? घाटात रेंज नाही. खाली आल्यावर फोनवर आईचे चौदा मिस कॉल. घरी पोचायला रात्रीचे आठ, ओट्यावर सासू अन् शेजारच्या दोघी बसलेल्या. "काय निघालं माय रिपोर्टात?" तो घाबरून बोलून गेला, "रक्त कमी हाय म्हंते."

आता माझी चूक सांगते. पहिल्या भेटीत मी मनातल्या मनात सासूला व्हिलन ठरवून टाकलं होतं. इतक्या केसेस बघितल्यावर हे होते, माणूस आळशी होते विचार करायला. मी त्यांना म्हटलंही, की तुमच्या वेळेसाठी तुम्हाला थोडं ठाम व्हावं लागेल. दोघांनी मान हलवली. काही झालं नाही, होणारही नव्हतं.

दुसऱ्या भेटीत ती एकटी आली आणि बसल्या बसल्या रडायला लागली. सासूनं त्या रात्रीपासून हिला हंडा उचलू देणं बंद केलेलं. रोज बीट. शेंगदाणे-गुळाचे लाडू, डब्यावर ताकीद की दिराला हात लावू द्यायचा नाही. आणि हिला शेजारणीकडून कळलं की सासूनं शेगावला पायी येण्याचा नवस बोललाय, सुनेचं रक्त वाढू दे म्हणून. शंभराच्या आसपास किलोमीटर, अन् बाईचे गुडघे असे की न्हाणीघराची पायरी चढताना भिंत धरते. "ताई, मले ते बीट गिळत नाही," ती म्हणाली. मला हसूही आलं आणि पोटात कालवलंही.

तेव्हा मला जे दिसलं ते असं, की या दोघांना फिरायला कोणी अडवलंच नव्हतं. कोणी नाही म्हटलंच नव्हतं, कारण यांनी कधी विचारलंच नव्हतं. विचारायची लाज. आपल्याकडे नवरा-बायको लग्नाला, मयतीला, बँकेत, दवाखान्यात सोबत जाऊ शकतात, बहिरमच्या यात्रेत सगळं खटलं घेऊन हंडीचं मटण अन् रोडगे खायला जाऊ शकतात, पण नुसतं सोबत राहायला वाटते म्हणून जायला आपल्याकडे शब्दच नाही. मग माणूस कारण शोधते, आणि कारण खोटं असलं की फिरणंही खोटं होऊन बसते.

मी तीनच गोष्टी सांगितल्या. पहिली, खरं सांगायचं, आणि ते मुलानं आपल्या आईला सांगायचं, सुनेनं नाही. सून बोलली की दोष सुनेच्या पदरात पडते, "हिनंच शिकवलं" हे वाक्य तयारच असते. दुसरी, पहिली खेप छोटी, आणि परत यायची वेळ सांगून जायचं अन् त्या वेळेला घरी हजर व्हायचं, पाच मिनिटं आधीच. तिसरी, रविवार विसरा. रविवार नोकरीवाल्यांचा. शेतकऱ्याला कुठला आलाय वीकएंड, त्याच्याकडे पेरणी असते नाहीतर वेचणी, पण मधले काही दिवस असतात जेव्हा डवरणही नाही अन् फवारणीही नाही, आणि पोरगी शाळेत असते. असा एखादा मंगळवार धरा. मंगळवारी त्याच चिखलदऱ्याच्या घाटात माकडांशिवाय कोणी भेटत नाही.

हे सगळ्यांना लागू नाही, हेही सांगते. ज्या घरात सुनेच्या फोनवर पहारा आहे, हात उचलला जाते, तिथं मी "जाऊन खरं सांग" असं कधीच म्हणत नाही, तिथं फिरण्याचा विषयच नंतरचा. तिथं आधी 181 ही महिला हेल्पलाईन. या घरात तसं काही नव्हतं, नुसता संकोच होता, एवढा मोठा.

त्यानं सांगितलं पंधरा दिवसांनी. आई वाकळावर बसून निंबू कापून राहिली होती लोणच्यासाठी, हा बाजूला बसला, हातात एक निंबू घेऊन फिरवत राहिला आणि बोलला एकदाचा. आई काही बोलली नाही. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फुटली, ती फिरण्यावरून नाहीच. "मी शेगावले पायी जाणार होती न बे! गुडघे पाह्य माहे! सांगून गेले असते त का मी तुमची गाडी अडवणार होती?" आणि मग थोड्या वेळानं, भांडे घासता घासता, कोणाकडेच न बघता, "आमाले कोणी नेलं व्हतं. तुह्या बापानं एकदा बहिरमले नेलं, बैलगाडीत. संग अकरा माणसं."

हे वाक्य त्यानं मला सांगितलं तेव्हा आम्ही तिघंही जरा वेळ काही बोललो नाही. खालून मेडिकलवाल्याचा शटर ओढायचा आवाज आला, जेवायची वेळ झाली होती त्याची.

पहिली खरी खेप मुक्तागिरीची. म्हणायला ते मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात, पण परतवाड्याहून पंधराएक किलोमीटर, डोंगराच्या कुशीत 52 जैन मंदिरं, पावसाळ्यात मधोमध धबधबा. मंगळवारी सकाळी नऊला निघाले, चारला येतो म्हणून सांगून. खर्च दोनशेचं पेट्रोल आणि परतवाड्यात दोन प्लेट कचोरी. मी विचारलं, काय केलं मग दिवसभर? तो म्हणे काही नाही मॅडम, पायऱ्या चढलो, बसलो, हिनं शिलाई मशीनचं मोटरचं सांगतलं, किती दिवसाचं मनात व्हतं तिच्या, म्या ऐकलंच नव्हतं. ती म्हणे स्कार्फ पर्समध्येच राहिला. परत येताना रडली का? "नाही," तो म्हणाला, "झोपली. गाडीवर मागं, पाठीवर डोकं टेकून. म्या चाळीसच्या वर गाडी नेली नाही."

लगेच सगळं गोड झालं असं समजू नका. दीर महिनाभर चिडवायचा, सासरे "पेट्रोल फुकटचं हाय का" म्हणाले, शेजारणींनी तर दवाखान्याची गोष्ट गावभर केलीच. कापूस वेचणीत दोन महिने कुठंच जाणं झालं नाही, आणि त्यावरून एकदा कडाक्याचं भांडणही झालं. ते मला ठीक वाटलं. उघड भांडत होते, गाडीवर तोंड बांधून नाही.

नवसाचं काय झालं, हे सगळेच विचारतात. सासू म्हणाली बोललेलं ते बोललेलं, महाराजांसमोर खोटं नाही चालत, पण पायी न येण्याची माफी मागून घेईन. तिघं एसटीनं गेले. आणि जायच्या आधी सुनेनं, मनाला टोचत होतं म्हणून, सरकारी दवाखान्यात खरंच रक्त तपासलं. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या वर पाहिजे, हिचं निघालं 9. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, बीट परत सुरू झालं, आणि या वेळी ते गिळावंच लागलं.

परवा गोळ्या संपल्या म्हणून ती घरी म्हणाली, दवाखान्यात जाऊन येतो. सासूनं सुपातल्या तांदळातून मान वर न काढता विचारलं, "खऱ्या दवाखान्यात, का मुक्तागिरीच्या?"