पेरूतले इंका अवशेष आणि आँदेसमधली गावं पाहायची, तर गट सहल घ्यावी की स्थानिक गाईड?

तुमच्या प्रश्नातून मला समजलेलं असं: १२ दिवस हातात आहेत, साठी ओलांडलेले आई-बाबा सोबत आहेत, सगळे शाकाहारी. मुंबईहून निघणाऱ्या गटात नाव नोंदवावं की कुस्को या इंकांच्या जुन्या राजधानीत गाईड धरावा, आणि ‘गावातलं जीवन’ दाखवणाऱ्या सहली खऱ्या असतात का, हे तुम्हाला हवं आहे.

गाईड स्थानिकच घ्या, पण रोज नको. चार दिवस पुरे. गट सहलीचा मला आक्षेप एकाच कारणासाठी आहे: ती ठिकाणांच्या संख्येवर विकली जाते. पिसाक, ओयांतायतांबो आणि चिंचेरो ही कुस्कोजवळची अवशेषांची गावं एका दिवसात ‘होतात’, म्हणजे प्रत्येकी पाऊण तास मिळतो आणि तोही नेमका सगळ्या बस एकदम येतात तेव्हा.

गाईडच्या आधी माचू पिक्चूचं तिकीट. जून २०२४ पासून तिथे ३ सर्किट (आखून दिलेले फेरे) आणि त्यांत मिळून १० मार्ग आहेत. तिकीट ठरावीक मार्गाचं आणि ठरावीक वेळेचं असतं, वाट एकाच दिशेने जाते, बाहेर पडलात की पुन्हा आत घेत नाहीत. रोज ४,५०० जणांनाच प्रवेश आहे. गर्दीच्या ठरावीक तारखांना तो आकडा ५,६०० होतो. सर्किट १ वरच्या अंगाने जातं, फोटो छान मिळतो, पण इंका वस्तीच्या अवशेषांत शिरता येत नाही. सर्किट २ मध्ये तो ओळखीचा फोटोही मिळतो आणि वस्तीही, म्हणून ते सगळ्यात आधी संपतं. सर्किट ३ खालच्या भागातून जातं. त्यातला ३-ब हा मार्ग गुडघे दुखणाऱ्यांना त्यातल्या त्यात सोपा; ३-अ मात्र वायना पिक्चूच्या उभ्या पायऱ्यांवर नेतो, तो आई-बाबांसाठी चुकूनही घेऊ नका. अनेक एजंट ‘माचू पिक्चू प्रवेश समाविष्ट’ एवढंच लिहितात. सर्किटचा आकडा लेखी मागा. साधं तिकीट १५२ सोलचं (सोल हे पेरूचं चलन) आहे आणि संस्कृती मंत्रालयाच्या संकेतस्थळावर स्वतः काढता येतं. नाव आणि पासपोर्ट क्रमांक अक्षरन् अक्षर जुळायला हवा. दारावर मूळ पासपोर्ट बघतात. आत स्वच्छतागृह नाही, ते दाराबाहेर आहे. ४० × ३५ × २० सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी चालत नाही. काठी लागत असेल तर टोकाला रबराची टोपी हवी.

आता उंची, कारण सहल बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. कुस्को ३,४०० मीटरवर, ओयांतायतांबो सुमारे २,८०० वर आणि माचू पिक्चू २,४३० वर. म्हणजे सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण सगळ्यात खाली आहे. लोक लिमाहून, म्हणजे समुद्रसपाटीवरून, विमानाने तासा-सव्वातासात कुस्कोला उतरतात, दुपारी शहरदर्शनाला निघतात आणि रात्री डोकं धरून बसतात. तुम्ही विमानतळावरून थेट गाडीने सुमारे दोन तासांत ओयांतायतांबो गाठा. तीन रात्री तिथे, एक रात्र माचू पिक्चूच्या पायथ्याशी आग्वास काल्येंतेसला, आणि मग कुस्को. वाटेत चिंचेरोजवळ रस्ता ३,७०० च्या वर चढतो, पण नुसतं ओलांडून जायला हरकत नाही. त्रास होतो तो उंचीवर झोपल्याने.

पहिल्या दोन दिवसांत थोडी डोकेदुखी, भूक मंदावणं, झोप तुटणं हे चालायचंच. पण चालताना तोल जायला लागला, बसल्या जागी धाप लागली किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही, त्याच वेळी खाली उतरायचं. उंचीचा त्रास टाळण्यासाठी अ‍ॅसिटाझोलामाइड गोळी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. तिने बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं. मूत्रपिंडाचा त्रास, सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. पहिल्या रात्री झोपेची गोळी आणि दारू दोन्ही टाळा.

गाईड कसा पारखायचा? पेरूत गाईडकडे ओळखपत्र असावं लागतं, ते दाखवायला सांगण्यात संकोच करू नका. पण खरी परीक्षा एका प्रश्नाची: माचू पिक्चू कोणी आणि कशासाठी बांधलं? ‘सूर्यकन्यांचं गुप्त नगर’ असं उत्तर आलं तर दुसरा गाईड बघा. १९११ साली हायराम बिंगहॅम हा अमेरिकन संशोधक तिथे पोहोचला. त्याच्या मोहिमेत सापडलेल्या सांगाड्यांत बहुतेक बायकाच आहेत असं तेव्हा ठरवलं गेलं आणि ही कथा पसरली. पुढे सांगाडे पुन्हा तपासल्यावर पुरुष आणि स्त्रिया जवळजवळ सारखेच निघाले. १५६८ च्या जमिनीच्या कागदपत्रांवरून आज अभ्यासक ही पंधराव्या शतकातल्या पाचाकुती या सम्राटाची खाजगी जहागीर मानतात. ‘शोध’ या शब्दालाही फार अर्थ नाही. बिंगहॅम पोहोचला तेव्हा तिथल्या मजग्यांवर, म्हणजे उतारावरच्या पायऱ्यांच्या शेतांवर, शेतकरी कुटुंबं पीक घेत होती आणि त्याला वर नेणारा मेल्चोर आर्तेआगा हा स्थानिक शेतकरीच होता. चांगला गाईड कुस्कोजवळच्या मोराय इथल्या गोल मजग्यांनाही ‘इंकांची शेती प्रयोगशाळा’ म्हणताना हा अंदाज आहे असं सांगतो.

गाईडचे पैसे सगळ्यात जास्त वसूल होतात ते ओयांतायतांबोला, कारण तिथे फलक जवळजवळ नाहीत आणि पाहण्यासारखं मात्र पावलापावलावर आहे. वरच्या अपूर्ण देवळात ऱ्हायोलाइट या तांबूस दगडाच्या सहा अजस्र शिळा उभ्या आहेत, त्यांच्या सांध्यांत दगडाच्या अरुंद पट्ट्या बसवल्यात. खाण समोरच्या डोंगरावर, काचिकाता इथे. म्हणजे शिळा उतारावरून खाली आणल्या, उरुबांबा नदी ओलांडली आणि मग उतार (रॅम्प) बांधून वर चढवल्या. वाटेत सोडून दिलेले दगड अजून पडून आहेत. लोक त्यांना ‘थकलेले दगड’ म्हणतात. गाईडला तो उतार दाखवायला सांगा, तो पाहिल्यावर ‘हे माणसांनी कसं केलं’ हा प्रश्न परग्रहवासीयांपर्यंत जात नाही. १५३७ च्या सुमारास मांको इंका या इंका राजाने एर्नांदो पिझारोच्या स्पॅनिश फौजेला इथूनच मागे रेटलं, खालच्या मैदानात नदीचं पाणी सोडून. समोरच्या पिंकुय्युना डोंगरावर धान्याची कोठारं आहेत, वाऱ्याला लागून उंचावर बांधलेली. चढ उभा आहे, आई-बाबांनी खालूनच पाहावीत. गाव मात्र त्यांना सावकाश फिरवा: इंकांनी आखलेल्या गल्ल्यांत आजही कुटुंबं राहतात आणि पाटांतून पाणी वाहतं. गावात मुक्काम असला की सकाळी ७ ला दार उघडताच आत शिरता येतं, आणि कुस्कोच्या बस पोहोचेपर्यंत तुमचं पाहून झालेलं असतं.

कुस्को परिसरातल्या १६ ठिकाणांसाठी एकच पर्यटन तिकीट आहे, परदेशी प्रौढांना १३० सोल, मुदत १० दिवस. ते रोखीने घ्यायच्या तयारीने जा. पिसाक, ओयांतायतांबो, चिंचेरो, मोराय आणि कुस्कोवरचा साक्सायवामान हा इंका किल्ला त्यात येतात. माचू पिक्चू, कोरिकांचा हे कुस्कोतलं इंकांचं सूर्यमंदिर, कुस्कोचं कॅथेड्रल आणि मारासची मिठागरं त्यात नाहीत, आणि सहल कंपन्या हे बहुधा तिथे पोहोचल्यावर सांगतात. कोरिकांचा वेगळं तिकीट काढूनही बघा: १९५० च्या भूकंपात वरच्या स्पॅनिश मठाची मोठी पडझड झाली, खालच्या आत कललेल्या इंका भिंती जागच्या जागी राहिल्या. मारासला २०१९ पासून वाफ्यांच्या मधून चालू देत नाहीत. वरच्या वाटेवरून पाहायचं आणि निघायचं, अर्धा तास खूप झाला.

आता गावांबद्दल. चिंचेरोत रस्त्यालगतच्या विणकर मंडळींच्या अंगणात बस थांबतात. साक्ता नावाचं मूळ किसून त्याच्या फेसात लोकर धुऊन दाखवतात. निवडुंगावरचा कोचिनील किडा तळहातावर चिरडून लाल रंग काढतात, मग लिंबू किंवा क्षार टाकून त्याच्याच छटा बदलतात. वीस मिनिटांचं प्रात्यक्षिक आणि मग विक्री. हे खोटं नाही, ते दुकान आहे. दुकान समजून गेलात तर मजा येते. नुसतं पाहून निघालात तर प्रात्यक्षिकाचे काही सोल देऊन निघा. ‘अल्पाका’ (तिथला लोकरी प्राणी) म्हणून स्वस्तात मिळणारी शाल बहुधा अ‍ॅक्रिलिकची असते. विकणाऱ्याची परवानगी घेऊन सुटा धागा जाळून बघा: लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरगळते, अ‍ॅक्रिलिक वितळून कडक गोळी होते. कंबरेला बांधलेल्या मागावर विणलेल्या मोठ्या वस्त्राला आठवडे लागतात, त्यामुळे भाव ऐकून दचकू नका आणि फार घासाघीसही करू नका. कुस्को शहरात सेंत्रो दे तेक्स्तिलेस त्रादिसियोनालेस (पारंपरिक वस्त्रकलेचं केंद्र) ही १९९६ साली चिंचेरोच्याच नील्दा कायान्याउपा यांनी उभी केलेली संस्था आहे. तिथे विणणाऱ्याचं नाव वस्त्रावर लिहिलेलं असतं.

दुकानापलीकडचं गाव पाहायचं तर ओयांतायतांबोच्या वर वियोक आणि पाताकांचा ही गावं आहेत, रस्ता गाडीचा आहे. उंची पुन्हा ३,७०० च्या आसपास, म्हणून तिसऱ्या दिवसाआधी जाऊ नका आणि मुक्कामाला खालीच या. सहल ठरवताना तीनच गोष्टी विचारा. पैसे एका ठरलेल्या घराला जातात की घरांच्या पाळ्या लागतात? गावाला आधी कळवलं जातं का? आणि एका वेळी किती पाहुणे नेता? पाळीची पद्धत असेल तर पैसा एकाच घरात साचत नाही आणि शेजाऱ्यांत तेढ येत नाही. तितिकाका सरोवरातल्या आमांतानी बेटावर मुक्कामाचे पाहुणे असेच वाटून घेतात. या प्रश्नांवर एजंट गुळमुळीत बोलला तर तो गावाशी नाही, एका ओळखीच्या घराशी बोलतो असं समजा. मुलांना चॉकलेटं वाटू नका, त्याने भीक मागायची सवय लागते. फोटोआधी विचारा. कुस्कोच्या चौकात कोकरू घेऊन उभ्या असलेल्या बायकांचा फोटो काढलात तर दोन-चार सोल द्यायचे असतात, ते त्यांचं काम आहे.

पाचामामाला, म्हणजे भूमातेला, नैवेद्य देण्याचा खरा महिना ऑगस्ट. पर्यटकांसाठी तो वर्षभर मांडतात. बघा, पण घरगुती विधी समजून भारावू नका. जूनमध्ये जाणार असाल तर केस्वाचाका डोळ्यांसमोर ठेवा: आपुरिमाक नदीवरचा गवताच्या दोरांचा, सुमारे २८ मीटर लांबीचा पूल, जो चार समुदाय मिळून दरवर्षी नव्याने विणतात. कुस्कोहून जाऊन-येऊन पूर्ण दिवस जातो. आई-बाबांना त्या दिवशी विश्रांती.

तितिकाकाकाठचं पुनो शहर आणि ते सरोवर मी तुमच्या यादीतून काढून टाकीन. सरोवरच ३,८०० मीटरवर आहे, आणि ताकिले बेटावर धक्क्यापासून गावापर्यंत उभा चढ आहे. तिथले पुरुष चालता-चालता टोप्या विणतात आणि ते पाहण्यासारखं आहे खरं, पण त्यासाठी बसचे दोन मोठे दिवस जातात. माचू पिक्चूला पायी नेणारी इंका ट्रेलही या वेळी नको. ती ४ दिवसांची आहे, खिंड ४,२१५ मीटरवर, फेब्रुवारीत बंद, आणि हमाल धरून रोज ५०० जणांचेच परवाने निघतात.

जेवणात ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) एवढंच म्हटलंत तर कोंबडी येऊ शकते. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन काल्दो दे कार्ने’ (मांस, कोंबडी, मासे, मांसाचा रस्सा काहीच नको) असं पूर्ण म्हणा, कारण किन्वाच्या सुपातही मांसाचा रस्सा असतो. आईला बाजारातल्या किविचाच्या वड्या दाखवा: किविचा हा राजगिऱ्याचा सख्खा भाऊ आहे, आणि त्याच्या फुलवलेल्या लाह्यांची वडी थेट आपल्या राजगिरा चिक्कीसारखी लागते. बटाटाही मूळचा इथलाच, तेव्हा उपवास असला तरी अडणार नाही.

कोकाच्या पानांचा चहा हॉटेलात सर्रास देतात, तिथे तो कायदेशीर आहे. पण पानं किंवा चहाच्या पुड्या आठवण म्हणून बॅगेत टाकू नका. भारतात कोकाची पानं अमली पदार्थांच्या कायद्यात येतात.

निघण्याआधीचं एक काम मात्र लवकर उरका. पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत पेरू आहे. लशीचा दाखला नसेल तर परतल्यावर ६ दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात, आणि दाखला लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतो. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. साठीपुढच्यांना या लशीचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो, म्हणून तिकिटं काढण्यापूर्वी आई-बाबांच्या डॉक्टरांशी बोला.

आणि कुस्को-लिमा विमान व परतीचं आंतरराष्ट्रीय विमान एकाच दिवशी ठेवू नका. तिथे ‘पारो’ म्हणजे बंद अधूनमधून पुकारला जातो, रस्ता आणि रेल्वे दोन्ही अडतात, आणि पावसाळ्यात, नोव्हेंबर ते मार्च, दरडीही कोसळतात. मधला एक दिवस लिमात मोकळा ठेवा.