मान मोडून घ्यावी का?

प्रश्न : दिंडोरीला आमची द्राक्षबाग आहे. छाटणीत दिवसभर हात वर राहतात, अंग भरून येतं. ते ओसरतं, पण उजवा खांदा चार महिने दुखतोय. नाशिकला कायरोप्रॅक्टरकडून, म्हणजे हाताने झटका देऊन सांध्यांवर उपचार करणाऱ्याकडून, मान मोडून घेऊ का?

उत्तर : ही दोन दुखणी वेगळी. नव्या श्रमाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. ठणका 24 ते 72 तासांत चढतो आणि आठवड्यात उतरतो. त्याला 15-20 मिनिटं शेक आणि हलकी हालचाल पुरे. तीन महिन्यांपुढचं दुखणं मात्र जुनाट.

हात बाजूने वर नेताना मध्येच, साधारण 60 ते 120 अंशांत, कळ येते का पाहा. येत असेल तर खांद्याच्या स्नायुबंधांचा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांचा) संशय घ्यावा. तिथे मान मोडून काय होणार? तो 'कट्' आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी झाल्याचा. हाड जागेवर बसल्याचा नव्हे. कायरोप्रॅक्टिकचा थोडाफार गुण कंबरदुखीत दिसतो. मानेला झटका दिल्याने क्वचित रक्तवाहिनी फाटते, म्हणून तो नकोच. आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, मग फिजिओथेरपी. हाताला मुंग्या किंवा अशक्तपणा असेल तर थांबू नका.

मांडवाखाली भक्कम स्टुलावर उभे राहा. कोपर खांद्याच्या खाली राहायला हवं.