श्रवणयंत्र काढून ठेवल्यावर

प्रिय ताई,

तुम्ही लिहिता, की अंथरुणाला खिळलेल्या एका आजींची शुश्रूषा तुम्ही त्यांच्या घरी राहून करता. त्यांना अंघोळ घालताना पाणी लागू नये म्हणून तुमचे श्रवणयंत्र काढून ठेवता आणि नेमक्या त्याच वेळी त्यांचा मुलगा मागून येऊन अंगचटीला जातो. एजन्सीला सांगितले, तर ‘तुम्हाला ऐकू येत नाही, गैरसमज झाला असेल’ असे उत्तर मिळाले. ‘माझेच काही चुकते आहे का,’ असे तुम्ही विचारले आहे.

नाही, ताई. स्पर्श काही कानांनी कळत नाही. तुम्हाला ऐकू येणार नाही अशी वेळ त्या माणसाने हेरली आणि एजन्सीने तेच कारण पुढे करून तुमचा शब्द खोडून काढला. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या खटल्यांचा अभ्यास करताना अमेरिकी कायदे-अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ साली दाखवून दिले, की वंशभेद आणि लिंगभेद वेगवेगळे तपासले, तर दोन्हींच्या कात्रीत सापडलेली स्त्री कायद्याला दिसतच नाही. तुमचा जाचही बाई म्हणून किती, अपंग म्हणून किती आणि परक्या घरात एकटीने राबणारी म्हणून किती, असा वेगळा काढता येणार नाही. तक्रारीत तो एकत्रच मांडा.

तक्रार फोनवर नको, लेखी करा. तारीख, वेळ आणि एजन्सीचे ते उत्तर जसेच्या तसे लिहा. अंघोळीच्या वेळी दुसरी स्त्री मदतीला हवी, अन्यथा पगार न कापता दुसरीकडे काम द्यावे, अशी मागणी करा. तोवर आजींची अंघोळीची खुर्ची अशी फिरवा, की दार तुमच्या नजरेसमोर राहील, आणि घराचा पत्ता एखाद्या विश्वासातल्या मैत्रिणीकडे देऊन ठेवा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा कामाच्या ठिकाणचा हिंसाचार आणि छळ यांविषयीचा २०१९ चा १९० क्रमांकाचा करार खासगी घरालाही कामाची जागा मानतो आणि गंभीर धोका समोर असताना तेथून निघून जाण्याचा हक्क देतो. तुमच्या सरकारने तो मंजूर केला असेल, तर त्याचा उल्लेख अवश्य करा.

‘मी गेले तर आजींना कोण उचलणार,’ ही तुमची काळजी खरी आहे. त्याही त्याच मुलावर अवलंबून आहेत, म्हणून त्यांची विचारपूस बाहेरच्या कोणीतरी करावी, हेही तक्रारीत लिहा. मात्र त्यांची सोय लावणे हे कुटुंबाचे आणि एजन्सीचे काम आहे. त्यासाठी तुम्ही अत्याचार सोसायचा नाही. पुन्हा तसे घडले आणि थांबणे धोक्याचे नसेल, तर आजींचे अंग कोरडे करून त्यांना नीट निजवा, ‘मी जाते आहे’ असे त्यांना सांगा, श्रवणयंत्र कानात घाला आणि त्याच दिवशी ते घर सोडा.