ओकाझाकीचं काम

बाळा,

तुझा मेसेज रात्री वाचला. तालमीच्या फुटबॉल टीमनं तुला स्ट्रायकरच्या मागं खेळायला लावलंय, पाच मॅचमध्ये एकच गोल झालाय, शाहू स्टेडियमच्या गॅलरीतून लोक नाव घेऊन ओरडतात. हे सगळं समजलं. पण ‘सरांनी मला मागं ढकललं’ असं तू लिहिलंस, तिथं मी अडलो.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या लेस्टर सिटी क्लबचा 2015-16 चा सीझन मोबाइलवर शोध. त्या वर्षी ते चॅम्पियन झाले. मॅचेस पूर्ण बघ, नुसते गोल नकोत. 81 गुण, दुसऱ्या नंबरच्या आर्सेनलपेक्षा 10 जास्त, आणि अख्ख्या लीगमध्ये फक्त तीन पराभव. फॉर्मेशन कुठलं? 4-4-2, म्हणजे मागं चार, मध्ये चार, पुढं दोन. तेव्हा बरेच जण ज्याला जुनाट म्हणायचे तेच.

या रचनेची दुखरी जागा तुला ठाऊक आहे. मधल्या फळीत आपले दोनच, समोरच्याचे बहुतेक वेळा तीन. तो तिसरा मोकळा राहिला की बॉल त्याच्याकडून फिरतो आणि आपली पोरं नुसती पळत राहतात. लेस्टरकडं या गणिताला दोन उत्तरं होती. एक, मधल्या फळीतला कांते. तो एकटाच दोघांची जागा झाकायचा, म्हणून शेजारी ड्रिंकवॉटरला मान वर करून लांब पास टाकायला सवड मिळायची. हे उत्तर सगळ्यांना माहीत आहे.

दुसरं उत्तर शिंजी ओकाझाकी. कागदावर स्ट्रायकर. पण बॉल गेला रे गेला की तो दहा-पंधरा पावलं मागं येऊन समोरच्या टीमच्या त्या मोकळ्या माणसाला चिकटायचा. म्हणजे 4-4-2 चं आपोआप 4-4-1-1 व्हायचं आणि मध्ये तीनास तीन. मग त्यांच्या सेंटर-बॅकला, म्हणजे मधल्या बचावपटूला, सोपा पास उरायचा नाही; तो बॉल बाजूला द्यायचा नाहीतर लांब मारायचा, आणि लांब बॉल लेस्टरचे सेंटर-बॅक मॉर्गन आणि हूथ डोक्यानं परत पाठवायला बसलेलेच होते. तिथून बॉल सुटला की पुढचा स्ट्रायकर वार्डी पळायला मोकळा. त्याचे 24 गोल झाले, उजवीकडून आत घुसणाऱ्या माहरेझचे 17. ओकाझाकीचे? 36 मॅचमध्ये पाच. बहुतेक वेळा साठ-सत्तर मिनिटांनी त्याला बाहेर काढायचे, कारण अंगात काही शिल्लकच नसायचं. त्या पाचातला एक न्यूकॅसलविरुद्धचा हवेत उलटं होऊन डोक्यावरून लाथ मारून केलेला गोल मात्र जरूर बघ. मॅच 1-0 नं सुटली होती.

फुलबॅकबद्दल, म्हणजे कडेच्या बचावपटूंबद्दल थोडं, कारण तुझ्या मित्राला उजवीकडं टाकलंय म्हणालास. सप्टेंबरात आर्सेनलनं घरात येऊन 5-2 नं धुतल्यावर लेस्टरचा कोच रानिएरीनं दोन्ही फुलबॅक बदलले. वर धावणाऱ्या दे लाएट आणि श्लुपच्या जागी, जागा धरणारे सिम्पसन आणि फुक्स आले. तरी गोल खाणं लगेच थांबेना. गोल न खाता मॅच काढलीत तर पिझ्झा खाऊ घालतो, असं रानिएरीनं कबूल केलं होतं. ऑक्टोबरात क्रिस्टल पॅलेसविरुद्ध 1-0 झालं, आणि पिझ्झा पोरांना स्वतःच्या हातानं करावा लागला. म्हातारा बेरकी होता!

फॉर्मेशनचे आकडे माणसांवर उभे असतात, हेही त्याच टीमनं दाखवलं. कांते चेल्सीला गेला आणि पुढच्या सीझनला लेस्टर बारावं आलं. चेल्सी चॅम्पियन.

आता तुझं. मागच्या रविवारची मॅच मी गॅलरीत बसून बघितली, तुला दिसलो नसेन. बॉल गेल्यावर तू कमरेवर हात ठेवून उभा होतास. त्यांचा सहा नंबर, म्हणजे मधल्या फळीतला तोच मोकळा माणूस, तेवढ्यात तीनदा वळून पास देऊन गेला, आणि तिसऱ्या वेळी गोल झाला. गॅलरी शिव्या देत होती आपल्या सेंटर-बॅकला.

उद्या सकाळी सहाला मैदानावर ये. तुझ्या धाकट्या भावालाही आण. तो सहा नंबर होईल, मी त्याला पास देत राहीन. वीस मिनिटं. त्याला वळू द्यायचं नाही, एवढंच बघू.

– सर