बहिरेपणावरील संशोधनात इतर अपंगत्व असलेल्या मुलांचा समावेश करावा का?

प्रबंधासाठी फक्त कर्णबधिर मुले निवडावीत, की दुसरे अपंगत्व असलेलीही घ्यावीत, असे तुम्ही विचारले आहे. अवश्य घ्यावीत. 'निष्कर्षांत गुंतागुंत नको' म्हणून त्यांना वगळणारे अभ्यास माझ्या मुलीच्या काहीही उपयोगाचे नाहीत.

ती जन्मतः कर्णबधिर आहे. दीड वर्ष उलटून गेल्यावर ती चालू लागली. पुढे संध्याकाळ झाली की काही सांगण्यापूर्वी ती माझे मनगट धरून मला दिव्याखाली ओढत नेई, आणि अंधाऱ्या जिन्यात तिच्या हातांच्या खुणा एकदम थांबत. तपासणीच्या प्रत्येक खेपेला मी हे सांगितले आणि 'बहिरी मुले हट्टी असतातच' हे ऐकून परत आले. दहाव्या वर्षी अशर सिंड्रोमचे निदान झाले. ज्या जनुकीय दोषामुळे तिला ऐकू येत नव्हते, त्यानेच दृष्टिपटलही हळूहळू निकामी होत होते. उशिरा चालण्याचे कारण आतल्या कानातील तोल सांभाळणाऱ्या भागात होते, आणि दिव्याखाली ओढणे हा हट्ट नसून रातांधळेपणा होता. कानाच्या डॉक्टरांनी कान तेवढा पाहिला.

माझे थोरले बंधू आजही म्हणतात की, खुणा शिकवल्या म्हणूनच ती बोलायची राहिली. 1880 साली कर्णबधिरांच्या शिक्षणावरील मिलानच्या परिषदेत शिक्षकांनी याच समजुतीने शाळांतून खुणा हद्दपार करण्याचा ठराव केला होता. 2010 मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेने तो नाकारला, दादांनी अद्याप नाही. 2006 च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारात सांकेतिक भाषांना भाषा म्हटले आहे आणि शिक्षणाच्या कलमात अंध-बधिर मुलांचा वेगळा उल्लेख आहे. खुणा येत होत्या म्हणूनच आज अंधारात माझ्या हातांवर हात ठेवून ती माझे बोलणे समजून घेते.

कॉक्लिअर इम्प्लांटला, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या श्रवण-उपकरणाला, माझा विरोध नाही. अशरच्या मुलांना ते लवकर मिळाल्यास मोठा आधार होतो. स्वमग्न कर्णबधिर मुलांचे प्रश्न निराळे, त्यांविषयी मी बोलू नये.

मुलाखती घेताना मात्र भरपूर उजेड ठेवा, एकरंगी कपडे घाला आणि थोडे लांब बसा, कारण नजरेचा घेर आक्रसलेल्या माणसाला लांबून हात आणि चेहरा एकत्र दिसतात. दादा अजूनही तिच्या तोंडाजवळ येऊन ओठ हलवतात, आणि तिला दिसते ती त्यांची हनुवटी.