वाचकांचे प्रश्न : विद्यापीठाचे मौन आणि कायद्याचा आडोसा

प्रश्न : मुलाला अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात प्रवेश मिळाल्यावर आम्ही त्या विद्यापीठाविषयी वाचू लागलो आणि २०११ मध्ये उघडकीस आलेले, फुटबॉल प्रशिक्षकाने मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांचे प्रकरण समोर आले. तेव्हाच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले, पुढे शिक्षाही झाली. माझी शंका अशी, की पोलीस तपास चालू असताना संस्थेच्या प्रमुखाने काही न बोलणे हेच योग्य नव्हे का? वकीलही तोच सल्ला देतात. मग मौनाबद्दल त्यांना दोष का द्यायचा?
— एक पालक, पुणे

उत्तर : तपास चालू असताना प्रमुखाने आरोपांच्या तपशिलावर भाष्य करू नये, हे तत्त्व मलाही मान्य आहे. साक्षीदारांवर दबाव येऊ नये, आरोपीला न्याय्य सुनावणी मिळावी आणि पीडितांची ओळख उघड होऊ नये, ही त्यामागची कारणे खरी आहेत. परंतु अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर यांच्यावर जो ठपका आला, तो या संयमाबद्दल नव्हता. (तिथले अध्यक्षपद म्हणजे साधारणपणे आपल्याकडील कुलगुरूपद.) या प्रकरणात मौन दोनदा पाळले गेले, आणि त्यातले पहिले मौन दहा वर्षे आधीचे, कोणताही तपास चालू नसतानाचे आहे.

जेरी सँडस्की हा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा सहायक प्रशिक्षक १९९९ मध्ये निवृत्त झाला, तरी आवारातील क्रीडा इमारतींत त्याचा मुक्त वावर चालू राहिला. वंचित मुलांसाठी त्याने स्वतःच एक संस्था काढली होती आणि त्याने हेरलेली मुले तिथूनच आलेली होती. १९९८ मध्ये एका आईने तक्रार केली, विद्यापीठाच्या पोलिसांनी चौकशी केली, पण खटला भरला गेला नाही. त्या वेळी उपाध्यक्ष गॅरी शुल्त्झ यांनी आपल्या हस्तलिखित टिपणात, आणखी मुले असतील का, असा प्रश्न लिहून ठेवला होता. म्हणजे धोका कळला नव्हता, असे म्हणता येत नाही.

फेब्रुवारी २००१ मध्ये संघाचे एक कनिष्ठ साहाय्यक माइक मॅक्वीरी यांनी सँडस्कीला न्हाणीघरात एका लहान मुलाबरोबर पाहिले आणि दुसऱ्याच दिवशी मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांना सांगितले. पॅटर्नो यांनी ते क्रीडा संचालक टिम कर्ली आणि शुल्त्झ यांच्या कानावर घातले आणि तिथून गोष्ट स्पॅनियर यांच्यापर्यंत गेली. बालकल्याण खात्याला कळवायचे, असा बेत आधी ठरत होता. पॅटर्नो यांच्याशी बोलणे झाल्यावर कर्ली यांचे मत बदलले, आणि सँडस्कीलाच समज द्यावी, त्याने मुलांना आवारात आणू नये असे सांगावे, असे ठरले. त्यावर स्पॅनियर यांनी ईमेलमध्ये संमती कळवली. सँडस्कीने हे ऐकले नाही तर, आपण वेळीच कळवले नाही म्हणून आपल्यावर बालंट येईल, एवढाच धोका त्यांना त्यात दिसला होता. संपूर्ण प्रकरणात मला सर्वाधिक अस्वस्थ करते ती ही नोंद, कारण धोक्याचा हिशेब मांडला गेला होता आणि तो फक्त संस्थेच्या बाजूने मांडला गेला होता. न्हाणीघरातला तो मुलगा कोण होता, हे शोधण्याचा प्रयत्नसुद्धा या चौघांपैकी कोणी केला नाही.

दुसरे मौन २०११ चे. सँडस्कीविरुद्ध ग्रँड ज्युरीची (खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाची) चौकशी चालू असल्याची बातमी मार्च अखेरीस हॅरिसबर्गच्या एका दैनिकाने छापली. मे महिन्यात स्पॅनियर यांनी विश्वस्त मंडळाला त्याची त्रोटक माहिती दिली. विश्वस्तांनीही खोलात जाऊन काही विचारले नाही आणि सहा महिने असेच गेले. ५ नोव्हेंबरला सँडस्कीला अटक झाली आणि कर्ली व शुल्त्झ यांच्यावरही आरोप ठेवण्यात आले, तेव्हा आपण म्हणता तो संयम पाळण्याची खरी वेळ होती. नेमके त्याच दिवशी स्पॅनियर बोलले. आरोप चिंताजनक आहेत, मुलांच्या रक्षणासाठी दक्षता हवी, अशी दोन औपचारिक वाक्ये झाल्यावर त्यांनी आपल्या दोन्ही आरोपी सहकाऱ्यांना बिनशर्त पाठिंबा जाहीर केला. तपास चालू असल्यामुळे बोलता येत नाही, हा नियम सहकाऱ्यांची भलामण करताना आड आला नाही. पुढे मात्र पॅटर्नो यांची ठरलेली पत्रकार परिषद अध्यक्षांच्या कार्यालयाने ऐन वेळी रद्द केली. ९ नोव्हेंबरच्या रात्री विश्वस्तांनी स्पॅनियर आणि पॅटर्नो या दोघांनाही पदावरून दूर केले.

म्हणून आपल्या शंकेला माझे उत्तर असे, की वकिलाचा सल्ला आरोपांच्या खरेखोटेपणावर बोलण्यापुरता लागू होतो. ज्यांना काही सोसावे लागले त्यांनी कुठे जावे, त्यांच्या मदतीसाठी कोण आहे, माहिती कोणत्या यंत्रणेला द्यावी, हे सांगायला कोणताही कायदा अडवत नाही.

स्पॅनियर यांची बाजूही नोंदवली पाहिजे. आपल्याला घटनेचे लैंगिक स्वरूप कधीच सांगितले गेले नाही, असे त्यांनी सातत्याने म्हटले आहे. माजी एफबीआय प्रमुख लुई फ्री यांच्या २०१२ च्या अहवालाने वरिष्ठांनी ही माहिती दडवल्याचा निष्कर्ष काढला, तर पॅटर्नो कुटुंबाने तो निष्कर्ष फेटाळला. २०१७ मध्ये ज्युरीने स्पॅनियर यांना कटाच्या आरोपातून मुक्त केले, मात्र बालकाला धोक्यात घातल्याच्या एका आरोपाखाली दोषी ठरवले, आणि अपिलांच्या फेऱ्यांनंतर २०२१ मध्ये त्यांनी सुमारे दोन महिने तुरुंगात काढले. कर्ली आणि शुल्त्झ यांनी त्याआधीच गुन्हा कबूल केला होता. सँडस्की दहा मुलांशी संबंधित ४५ आरोपांत दोषी ठरून ३० ते ६० वर्षांची शिक्षा भोगत आहे.

प्रश्न : विद्यापीठाच्या अध्यक्षापुढे फुटबॉलच्या प्रशिक्षकाची मातब्बरी ती काय? पॅटर्नो यांच्या शब्दाला एवढे वजन कसे आले?
— एक निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर

उत्तर : आपल्याकडील विद्यापीठाच्या चित्रात ही गोष्ट बसत नाही, कारण आपल्याकडे विद्यापीठाच्या संघाचा सामना पाहायला एक लाख माणसे येत नाहीत. पेन स्टेटचे बीव्हर स्टेडियम एक लाखाहून अधिक प्रेक्षकांचे आहे. त्या सामन्यांचे उत्पन्न, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या आणि गावाचा अभिमान या साऱ्यांची गाठ पॅटर्नो यांच्या नावाशी बांधलेली होती. ते १९६६ पासून मुख्य प्रशिक्षक होते. २००४ मध्ये स्पॅनियर आणि कर्ली त्यांच्या घरी निवृत्तीची गळ घालायला गेले आणि त्यांनी नकार दिला. त्यानंतर ते आणखी सात वर्षे त्या पदावर राहिले. कागदावर कोण कोणाचा वरिष्ठ होता आणि प्रत्यक्षात कोण, हे एवढ्यावरून कळते.

याची सर्वांत जड किंमत खालच्या माणसांनी मोजली. फ्री अहवालात २००० सालची एक नोंद आहे. एका सफाई कामगाराने सँडस्कीला अत्याचार करताना पाहिले होते, त्याने सहकाऱ्यांना सांगितलेही, पण नोकरी जाईल या भीतीने त्यांच्यापैकी कोणीही तक्रार केली नाही. फुटबॉलच्या विरोधात गेल्यास विद्यापीठ आपल्यालाच काढून टाकील, असे त्यांना वाटले. त्या माणसांना मी दोष देऊ शकत नाही. मॅक्वीरी यांनी तर तोंड उघडले होते, आणि २०१६ मध्ये त्यांना विद्यापीठाविरुद्ध दावा लढवून भरपाई मिळवावी लागली.

प्रश्न : मी एका क्रीडा मंडळाच्या कार्यकारिणीवर आहे. आमच्याकडे शाळकरी मुले सरावाला येतात. प्रशिक्षकाविषयी अशी तक्रार आली, तर आधी आपसात चौकशी करून खात्री करावी की थेट पोलिसांकडे जावे?
— एक कार्यकर्ता, सांगली

उत्तर : थेट पोलिसांकडे. मुलांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा आपला कायदा, ज्याला सर्वजण पोक्सो म्हणतात, २०१२ चा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले, किंवा घडण्याची ज्याला भीती वाटते, त्या प्रत्येकाने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होऊ शकत नाही, हेही त्याच कलमात आहे. कलम २१ प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हाताखालच्या व्यक्तीच्या गुन्ह्याबाबत संस्थेच्या प्रमुखानेच माहिती दडवली, तर ती मुदत एक वर्षापर्यंत जाते. पेनसिल्व्हेनियात २००१ साली कर्मचाऱ्याने आपल्या वरिष्ठाला सांगितले की त्याचे कर्तव्य संपत असे. हा कायदा तिथे २०१४ मध्ये बदलला आणि थेट यंत्रणेला कळवणे सक्तीचे झाले.

मुलाचे नाव कार्यकारिणीच्या इतिवृत्तात लिहू नका आणि बैठकीत त्याची चर्चा होऊ देऊ नका. प्रशिक्षकाला त्याच दिवशी सरावापासून दूर ठेवा. मुलाला बोलावून खोदून खोदून विचारण्याचे काम मंडळाचे नाही. ते प्रशिक्षित अधिकाऱ्यांवर सोडावे. मंडळाला स्वतःची चौकशी करायची असेल, तर ती पोलिसांना कळवल्यानंतर आणि त्यांच्या तपासात अडथळा येणार नाही अशा बेताने करता येईल.