काढा चालू आहे का?

प्रश्न : मी नागपूरच्या एका फार्मसी महाविद्यालयात ‘हर्बल ड्रग टेक्नॉलॉजी’ शिकवते. वर्गात दोन तट पडतात : काहींना काढे-चूर्णे थोतांड वाटतात, तर काहींना पूर्णतः निरुपद्रवी. हा विषय कसा शिकवावा?
— एक प्राध्यापिका, नागपूर

उत्तर : दोन्ही तटांची चूक एकच आहे; वनस्पतीतील रसायनाकडे कोणीच पाहत नाही. म्हणून सुरुवात मतांनी न करता ज्येष्ठमधाने करावी, कारण खोकल्यासाठी ते घरोघरी चघळले जाते. त्यातील ग्लिसिरायझिन हे रसायन कॉर्टिसोल हे संप्रेरक निष्क्रिय करणाऱ्या मूत्रपिंडातील विकराला (एन्झाइमला) अडवते, त्यामुळे कॉर्टिसोल हे मीठ-पाणी धरून ठेवणाऱ्या ॲल्डोस्टेरोन या संप्रेरकासारखे वागू लागते, शरीरात सोडियम व पाणी साठून रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारे औषध) व डिगॉक्सिन (हृदयाचे औषध) घेणाऱ्या रुग्णाने ज्येष्ठमध रोज भरपूर खाल्ले, तर या घटीमुळे हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या अनियमित होऊ शकतात. एवढी साखळी विद्यार्थ्याने स्वतः फळ्यावर मांडली, की थट्टा आणि भाबडेपणा दोन्ही ओसरतात, असे मला वाटते. इसबगोलामुळे थायरॉइडच्या गोळीचे शोषण कमी होऊ शकते, म्हणून दोन्हींत काही तासांचे अंतर हवे, हे मग त्याला फार समजावावे लागत नाही.

खरा भर मात्र विचारण्यावर द्यावा. “कोणती औषधे चालू आहेत?” या प्रश्नाला इतवारी बाजारातून जडीबुटी आणून काढा करणाऱ्या आजीबाई “काहीच नाही” असे प्रामाणिकपणे सांगतील, कारण त्यांच्या लेखी काढा हे औषधच नव्हे. म्हणून “काढा, चूर्ण, कारल्याचा रस, घरचे काही घेता का, मावशी?” असे विचारण्याचा सराव जोडीजोडीने करून घ्यावा. आवाजात उपहास जाणवला तर रुग्ण पुढच्या वेळी गप्प राहतो. या सरावाला गुण ठेवावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

शेवटी गुळवेलीचा वाद वर्गात आणावा. 2021 मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले, तर आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळखच नीट पटवली नसल्याचा आक्षेप घेतला. दोन्ही बाजू विद्यार्थ्यांपुढे ठेवून बाजारातून आणलेला गुळवेलीचा तुकडा त्यांच्या हाती द्यावा आणि फार्माकॉग्नसीच्या (नैसर्गिक औषधी द्रव्यांच्या अभ्यासाच्या) प्रात्यक्षिकात शिकल्याप्रमाणे त्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ती खरोखर गुळवेलच आहे का, ते ठरवायला सांगावे.